निजलेली खाती

फैजपूरच्या शिवारात मका तयार झाला, की मला बार्बरा मॅक्लिंटॉक आठवतात. दाण्यांवरचे रंगीत ठिपके न्याहाळता न्याहाळता या अमेरिकन बाईंनी ताडले, की काही जनुकतुकडे जागा बदलतात आणि शेजारच्या जनुकांचे काम चालू-बंद करतात. १९५० साली त्यांनी हे मांडले. नोबेल मिळाले १९८३ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी!

आपल्या जनुकसंचाचाही जवळपास निम्मा भाग अशाच तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा. बँकेत उमेद घालवलेल्या मला ती निष्क्रिय खाती वाटतात. वहीत नोंद आहे, व्यवहार बंद. पेशी त्यांवर रासायनिक मोहोर मारून ठेवते. अंडाशयाच्या कर्करोगात ही मोहोर जागोजाग पुसली जाते, पी-५३ हे राखणदार जनुकही बहुधा बिघडलेले असते, आणि निजलेली खाती जागी होतात.

कोणते जनुक कधी चालू होते, यावर या रोगाचा चिवटपणाही ठरतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ मध्ये या गाठींतल्या मूळपेशींसारख्या पेशी शोधल्या. स्नेल आणि स्लग ही नियामक जनुके त्यांना औषधाला दाद देऊ देत नाहीत, हे २००९ मध्ये दाखवले.

जाग्या झालेल्या तुकड्यांचे प्रथिन रक्तात पकडून रोग लवकर ओळखता येईल का, यावर आता संशोधन चालू आहे. कारण तो सापडतो बहुतेकदा उशिरा. आमच्याकडे पोट फुगले, दोन घासांत भरले, की बायका ओवा चावतात आणि कामाला लागतात. हे दोन-तीन आठवडे रोज होत असेल, तर ओवा ठेवा आणि सोनोग्राफी करून घ्या.