पकडलेल्यांचीच मोजमापं

इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझोचं जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडणारं पुस्तक 1876चं. त्याला सुमारे दीडशे वर्षं झाली. एका कवटीच्या मागच्या बाजूला त्याला खळगा दिसला आणि गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, असं त्याने ठरवलं. 1913 मध्ये चार्ल्स गोरिंगने तीनेक हजार ब्रिटिश कैद्यांची मापं तपासली. गुन्हेगाराचा वेगळा शरीरप्रकार सापडला नाही. 1965 मध्ये जादा वाय गुणसूत्रावर ठपका आला, 1976च्या डॅनिश अभ्यासात तोही टिकला नाही.

मला अजून सलतं ते नव्वदचं दशक. 1993 मध्ये हान ब्रुनर यांना एका डच कुटुंबातल्या काही पुरुषांत एमएओए हे जनुक बंद पडलेलं आढळलं. त्यांच्यापैकी काहींनी आगी लावल्या होत्या, हल्ले केले होते. बुद्धीही थोडी कमी होती. एकच कुटुंब, अत्यंत दुर्मीळ दोष. ‘आक्रमकतेचं जनुक’ ही कल्पना ब्रुनर यांनी स्वतःच नाकारली. आमच्याकडे मात्र चांगली शिकलीसवरलेली माणसं ‘शेवटी रक्तातच असतं’ म्हणू लागली, आणि पुढच्याच वाक्यात पारध्यांचं नाव घेऊ लागली. त्याचा मला तेव्हाही संताप यायचा.

आपल्याकडे या समजुतीला प्रयोगशाळा कधी लागलीच नाही. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लोम्ब्रोझोच्या आधीच ठरावीक जमातींतल्या जन्माला गुन्हेगारीचा पुरावा मानलं. या जमातींसाठीच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं हजेरी देत राहिली. 1952 मध्ये कायदा गेला, या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या, नजर तीच राहिली. फेब्रुवारी 1998 मध्ये बंगालमधल्या पुरुलियात अशाच एका जमातीतल्या बुधन शबरचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी ती आत्महत्या ठरवली. पुढे उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आणि भरपाईचा आदेश दिला.

गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी विमुक्तांच्या पालावर जाते. धाडी जास्त म्हणून अटका जास्त, आणि अटका जास्त म्हणून जमात गुन्हेगार. लोम्ब्रोझोचं शास्त्र इथेच फसलं होतं. त्याने तुरुंगात जाऊन मापं घेतली. तिथे कोण आणलं जातं आणि कोण बाहेरच राहतं, हे विचारलं नाही. बँका बुडवणारे त्या मोजणीत आलेच नाहीत.

विमुक्तांना मनमानी अटक होऊ देऊ नका, हे पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगावं लागलं. तोवर कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं उलटली होती.