रॉनची चॉकलेट्स आणि गायब झालेली मेरोपी

रॉन वीझली खुळ्यासारखा चंद्राकडे बघत बसलाय. हॅरीसाठी कुणीतरी पाठवलेली, लव्ह पोशन घातलेली चॉकलेट्स त्यानं हादडलीत. पोरीशी धड ओळख नाही, पण प्रेम मात्र जबरदस्त! ‘हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स’मधला (२००९) हा सीन म्हणजे पैसा वसूल. मी शाळेत असताना बघितला, तेव्हा अख्खं थिएटर खिदळत होतं. आणि ते हसू ओसरायच्या आत रॉन विषारी दारू पिऊन कोसळतो, तोंडाला फेस. दिग्दर्शक डेव्हिड येट्सचं टायमिंग इथे सॉलिड!

मग प्रॉब्लेम काय? पुस्तक वाचलेल्यांना विचारा. जे. के. रोलिंगच्या कादंबरीत (२००५) लव्ह पोशन आणखी एका गोष्टीत येतं आणि तिथे हसायला काहीच नाही. बापाच्या जाचात वाढलेल्या मेरोपी गाँटचा जीव गावातल्या देखण्या, श्रीमंत टॉम रिडलवर जडतो. डम्बलडोरचा अंदाज असा, की पोशन पाजूनच तिनं त्याला नवरा केलं. पुढे तिनं ते देणं थांबवलं. तो भानावर आला आणि गरोदर बायकोला टाकून निघून गेला. लंडनच्या अनाथाश्रमात मुलाला जन्म देऊन ती गेली. तो मुलगा म्हणजे व्होल्डेमॉर्ट.

रॉनवर आपण हसतो, त्याच गमतीची ही दुसरी बाजू. स्टीव्ह क्लोव्हजच्या पटकथेत अनाथाश्रम आहे, थंड नजरेचा छोटा टॉम आहे, पण त्याची आईच नाही! मग उरतो तो कॅमेऱ्याचा अंधार. ब्रुनो देलबोनेलनं तो असा टिपलाय की ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. दिसायला झकास, पण पोटात गोळा येत नाही.

रोमान्सचं तर विचारूच नका. पुस्तकात क्विडिच कप जिंकल्यावर हॅरी भर कॉमन रूममध्ये, सगळ्यांदेखत जिनीला किस करतो. पडद्यावर तेच अडगळीच्या खोलीत, चोरून. आणि जिनी हॅरीच्या बुटाची लेस बांधते, त्यात रोमँटिक काय होतं बॉस?

एक मात्र कबूल. डम्बलडोरचा अंत्यविधी चित्रपटात नाही, पण त्याच्या मृतदेहाभोवती सगळे एकेक करून जादूच्या छड्या उंचावतात, तेव्हा रुमाल शोधावा लागतो.

२०२३ मध्ये या पुस्तकांवरच्या नव्या मालिकेची घोषणा झाली. सहाव्या पुस्तकापर्यंत ती पोचलीच, तर चॉकलेट्स खाणारा रॉन असेलच. मी मेरोपीची वाट बघणार आहे.