तळ्याकाठच्या बोअरचा जमाखर्च

पिशोरच्या शिवारात काय किंवा मराठवाड्यात इतरत्र काय, बोअर फेल गेला की केसिंग उपसून नेतात. पाइपाला पुन्हा पैसे येतात, भोकाला कोण विचारतो? त्यावर एखादा धोंडा ठेवला की काम संपले.

या भोकाकडे सरकारदरबारी लक्ष गेले ते लेकरांमुळे. जुलै २००६ मध्ये हरियाणातल्या हलदाहेडी गावात एक मुलगा बोअरमध्ये पडला आणि त्याची सुटका देशाने टीव्हीवर पाहिली. पुढेही अशा घटना घडत राहिल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिले : खोदाईआधी १५ दिवस कळवा, फलक लावा, कुंपण घाला, तोंडाभोवती काँक्रीटचा ओटा बांधा. आणि बोअर सोडून देताना माती, वाळू, दगडगोटे किंवा खोदाईचा चुरा टाकून तळापासून जमिनीपर्यंत बुजवा, तसा दाखला घ्या.

लेकराच्या जिवासाठी एवढे पुरेसे आहे. पाण्यासाठी नाही. वाळू-गोट्यांनी भरलेल्या भोकात मूल पडणार नाही; पाणी मात्र आरामात उतरेल. आपल्या भागात वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मध्येच लाल मातीचा थर. एक थर दुसऱ्याचे पाणी अडवून धरतो. बोअर हे सगळे एका रेषेत भेदतो. शेतातल्या बोअरपुरते हे एक वेळ चालून जाईल. पण कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्याकाठी निरीक्षणासाठी मारलेला बोअर मुद्दाम, घाण झिरपण्याची शंका असते तिथेच घेतलेला असतो.

या गोष्टीचे सगळ्यात बोलके दप्तर भोपाळचे आहे आणि त्याचा एक धागा नागपुरापर्यंत येतो. युनियन कार्बाइडने १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला सुमारे १४ हेक्टरांवर सौर बाष्पीभवन तळी बांधली. सांडपाणी त्यात सोडायचे, पाणी उन्हाने उडून जाईल, गाळ उरेल, असा बेत. १९८२ च्या मार्च-एप्रिलमध्येच भोपाळहून अमेरिकेला टेलेक्स गेले : तळे गळते आहे, काळजीचे कारण आहे. वायुकांडाला तेव्हा अडीच वर्षे अवकाश होता! पुढे १९९६ मध्ये गाळ एका जागी गोळा करून, प्लास्टिकच्या अस्तरात गुंडाळून मातीखाली झाकला गेला.

कारखान्याच्या आवाराची तपासणी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केली. नव्वदच्या दशकातल्या या कामातला एक आकडा विलक्षण आहे. खालची चिकणमाती इतकी घट्ट, की घाण भूजलापर्यंत पोचायला २३ वर्षे लागतील, असा हिशेब मांडला गेला. कंपनीच्या बाजूने तो तपासणाऱ्या आर्थर डी. लिटल या अमेरिकी सल्लागार संस्थेने शेरा मारला, की वाईटात वाईट धरले तर ही मुदत २ वर्षांवर येते. म्हणजे शंका काढली ती कंपनीच्याच सल्लागाराने. १९९९ मध्ये ग्रीनपीसने परिसरातल्या पाण्यात क्लोरिनयुक्त विषारी द्रव्ये दाखवली. २००४ मध्ये न्यायालयाला आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला.

२३ खरे की २, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. पण दोन्ही आकडे अखंड मातीचे आहेत. त्या मातीतून आरपार गेलेल्या बोअरला दोन्ही लागू नाहीत. तो नीट बुजवला नसेल, तर घट्ट चिकणमातीचा सगळा युक्तिवाद तेवढ्या जागेपुरता बाद.

नीट बुजवणे म्हणजे काय? आधी खोली मोजायची आणि खोदाईच्या नोंदीशी ताडून पाहायची. पंप, दोर, पडलेले पाइप काढायचे. केसिंग निघत असेल तर उपसायचे. नसेल तर त्याला भोके पाडायची, म्हणजे मागची पोकळीही भरते. मग बारीक नळी तळापर्यंत सोडून सिमेंट आणि बेंटोनाइट मातीचा गारा खालून वर भरत यायचा. वरून ओतला तर तो मध्येच अडकतो आणि खाली पोकळी राहते. सहा इंची, दोनशे फुटी बोअरमध्ये साधारण ११०० लिटर गारा बसतो. सातशेतच तोंडाशी आला तर कुठेतरी अडकला. पंधराशे लागला तर भेगेत गेला. गारा बसला, खचला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा भर घालायची.

हे भोपाळपुरते नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात तेव्हाच्या औरंगाबादला ७७.४४ गुण होते आणि सत्तरीच्या वरचे क्षेत्र अतिप्रदूषित मानले गेले. इथल्या औद्योगिक वसाहतींतले बोअरही आज ना उद्या बंद करावे लागतील. न्यायालयाने सांगितलेला बोअर बुजवल्याचा दाखला आहेच. त्यात भरलेल्या गाऱ्याचे लिटर आणि खोदाईची नोंद, एवढे दोन रकाने वाढवायला नवा कायदा लागत नाही. आणि जिथे गाळ अजून जमिनीत आहे, तिथे उताराच्या बाजूचा निरीक्षण बोअर बुजवूच नये. भोपाळ हे त्याचेच उदाहरण. २०२५ मध्ये पीथमपूरला भोपाळचा ३३७ टन कचरा जाळला, तो कारखान्याच्या आवारात साठवलेला होता. तळ्यातला गाळ त्यात नव्हता.