परिचर्या-संशोधन
परिचर्या-संशोधन : रुग्णशुश्रूषेच्या पद्धतींची निरीक्षण, मोजमाप व तुलना यांच्या साहाय्याने केलेली पारख. तीतून मिळालेला पुरावा, परिचारिकेचा अनुभव व रुग्णाची इच्छा यांची सांगड घालून केलेल्या शुश्रूषेस पुरावाधिष्ठित परिचर्या म्हणतात.

शय्याव्रण हे याचे ठळक उदाहरण होय. रुग्ण दीर्घकाळ एकाच स्थितीत पडून राहिल्यास हाडांच्या उंचवट्यांवरील त्वचेचा रक्तपुरवठा दाबामुळे खुंटतो व तेथे व्रण होतो. तो टाळण्यासाठी स्पिरिट लावून पाठ चोळण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जात असे. ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन व त्यांचे सहकारी यांचा रुग्णालयांतील वृद्धांविषयीचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक स्थिती, मानसिक अवस्था, हिंडणेफिरणे, अंथरुणातील हालचाल व मलमूत्रावरील ताबा यांना प्रत्येकी १ ते ४ गुण दिले. बेरीज १४ वा त्याहून कमी आल्यास व्रणाचा धोका मानीत. त्वचेला काय लावले यापेक्षा दाब वेळेवर दूर करणे महत्त्वाचे, असे दिसून आले. जोराने चोळणे तर आता त्याज्य मानतात, कारण त्याने दुबळ्या ऊतकांना इजा होते.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा रूढ नियमही पुढे तपासला गेला. अमेरिका व कॅनडा येथील शुश्रूषागृहांतील ९४२ वृद्धांवरील चाचणीत (२०१३) दाट फोमच्या गादीवर २, ३ वा ४ तासांनी कूस बदलली, तरी व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. अशी गादी जेथे नाही, तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.