गाडीची चावी कोणाकोणाकडे आहे?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सांगलीस मेहुण्यांकडे जाणे झाले. मार्केट यार्डात त्यांचे हळदीचे अडत दुकान आहे. संध्याकाळी आम्ही बैठकीत बोलत बसलो असताना त्यांचा जुना ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. अकरा वर्षे इमानाने नोकरी करून दोन महिन्यांपूर्वी पगाराच्या बोलाचालीवरून त्याने काम सोडले होते. साहजिकच घरातील सर्वांना थोडे अवघडल्यासारखे झाले. त्याने चहा घेतला, खिशातून मोबाईल काढला आणि मेहुण्यांपुढे धरून म्हणाला, "मालक, आपली नवी गाडी अजून माझ्या मोबाईलमध्ये दिसते. काल वहिनी मुलांना घेऊन मिरजेला गेल्या, तेही मला घरी बसून कळलं. हे माझ्याजवळ असणं बरं नाही. काढून घ्या."

झाले होते ते असे. गाडी घेतली त्या दिवशी यार्डात सौद्यांची घाई होती. शोरूममधील मुलाने विचारले, "ॲप कोणत्या नंबरवर चालू करू?" मेहुण्यांनी सहज सांगितले, "ड्रायव्हरच्याच करा, गाडी तोच बघतो." त्या ॲपमधून गाडी कोठे आहे ते दिसते, दारे उघडता येतात, घरात बसून इंजिन आणि वातानुकूलन सुरू करता येते आणि गाडी चोरीस गेल्यास ती पुन्हा सुरू होणार नाही, अशी व्यवस्थाही करता येते. नोकरी सोडताना ड्रायव्हरने लोखंडी चावी मेहुण्यांच्या हातात दिली. दुसरी चावी त्याच्या खिशात राहिली आहे, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

मी तेहतीस वर्षे बँकेत काढली. शाखेत असा प्रकार घडला असता, तर माझ्यावर निश्चितच चौकशी बसली असती. तिजोरीच्या चाव्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात. एकाची बदली झाली, तर त्याच दिवशी नोंदवहीत देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही होते. दुसरा संच दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो. हा सारा खटाटोप माणसे अप्रामाणिक असतात म्हणून केला जात नाही. प्रामाणिक माणसावर संशय येण्याची वेळच येऊ नये, हा त्यामागील मुख्य हेतू.

ड्रायव्हर गेल्यावर मेहुण्यांच्या सूनबाईंनी विचारले, "काका, दारं उघडणं ठीक आहे. पण गाडी धावत असताना कोणी लांबून तिला हात लावू शकतं का? मुलं मागे बसलेली असतात." प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

थकलेला हप्ता आणि काळी डबी

पहिले उदाहरण माझ्यासारख्या कर्जविभागात काम केलेल्या माणसास विशेष जवळचे वाटावे असे आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात एक विक्रेता हप्त्यांवर मोटारी विकत असे. प्रत्येक गाडीत तो एक लहानशी डबी बसवून देई. हप्ता थकला की कार्यालयातील संगणकावरून आज्ञा सुटे. मग गाडी सुरूच होत नसे किंवा तिचा भोंगा वाजू लागे. २०१० साली शंभराहून अधिक ग्राहकांच्या गाड्या अशा एकाएकी अडल्या. कोणाची गाडी सकाळी सुरू होईना, कोणाचा भोंगा मध्यरात्री वाजू लागला. तो थांबवण्यासाठी लोकांनी बॅटरीच्या तारा काढल्या. थकलेल्या हप्त्यांशी मात्र याचा काहीही संबंध नव्हता.

तपासात उघड झाले की, हे काम कामावरून काढलेल्या एका तरुण नोकराचे होते. त्याचा स्वतःचा प्रवेश कार्यालयाने बंद केला होता. पण एका सहकाऱ्याचा पासवर्ड त्यास ठाऊक होता. त्यासाठी कोणतीही असामान्य विद्या लागली नाही. ज्या चुकीमुळे शाखांत अफरातफरी होतात, तीच चूक येथे झाली होती. एकाचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत होता आणि तो बदलण्याचे कोणाला सुचले नाही.

सही न तपासणारी शाखा

आता सूनबाईंच्या मूळ प्रश्नाकडे वळू. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, सुकाणू, एअरबॅग, दारे, दिवे यांसाठी वेगवेगळे छोटे संगणक असतात. काही गाड्यांत त्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. हे संगणक एका सामायिक तारेवरून परस्परांशी बोलतात. या व्यवस्थेस 'कॅन' म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. तारांची गुंतागुंत, वजन आणि खर्च तिच्यामुळे कमी झाला. या तारेवर एका संगणकाने निरोप सोडला की तो सर्वांना ऐकू येतो आणि ज्याच्या कामाचा असेल तो संगणक त्याप्रमाणे कृती करतो. निरोप कोणी धाडला, हे मात्र मूळ रचनेत कोणीही विचारत नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ही नमुना सही न पाहता प्रत्येक धनादेश वटवणारी शाखा झाली. १९८६ साली त्यात गैर काही नव्हते. गाडी हे चारही बाजूंनी बंद असलेले घर होते. आत बोलणारे सारे घरचेच होते. पुढे त्या घरास एकेक खिडकी पडत गेली. प्रथम दुरुस्तीचे यंत्र जोडण्याची जागा आली, मग ब्लूटूथ आले आणि अखेरीस गाडीत मोबाईलचे सिमकार्डच बसले. खिडक्या वाढल्या, परंतु आतील खोल्यांना कड्या-कोयंडे बसवायचे राहून गेले.

वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१० साली ही उणीव प्रयोगाने दाखवली. गाडीच्या आतील तारेशी संगणक जोडून त्यांनी ब्रेक निकामी करून दाखवले. पुढच्याच वर्षी गाडीला हात न लावता, ब्लूटूथच्या आणि मोबाईलच्या जाळ्यातून, एवढेच नव्हे तर मुद्दाम तयार केलेल्या गाण्याच्या सीडीतूनही आत शिरता येते, हे त्यांनी सिद्ध केले. तरीही उद्योगाला खडबडून जाग येण्यास आणखी चार वर्षे जावी लागली.

सेंट लुईसचा महामार्ग

जुलै २०१५. अमेरिकेतील सेंट लुईस शहराजवळच्या महामार्गावर अँडी ग्रीनबर्ग नावाचे पत्रकार जीप चेरोकी ही गाडी ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने चालवत होते. तेथून सुमारे १६ किलोमीटर दूर एका घरात चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक हे दोन सुरक्षा संशोधक लॅपटॉप घेऊन बसले होते. काहीतरी घडणार, एवढे पत्रकारास ठाऊक होते. काय घडणार, हे ठाऊक नव्हते. प्रथम थंड हवेचा झोत पूर्ण वेगाने सुरू झाला. मग रेडिओ कर्कश वाजू लागला आणि बटण फिरवूनही थांबेना. वायपर फिरू लागले, काचेवर पाण्याची फवारणी होऊन पुढचे दिसेनासे झाले. शेवटी ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना. रस्ता चढणीचा होता, कडेला थांबण्यास जागा नव्हती आणि मागून ट्रक येत होता. नंतर एका मोकळ्या जागेत, कमी वेगात असताना, त्या दोघांनी ब्रेकही निकामी केले आणि गाडी हळूहळू खड्ड्यात उतरली.

हे साधले कसे? गाडीतील मनोरंजनाचा पडदा मोबाईलच्या जाळ्याशी जोडलेला होता आणि त्याचे एक दार बाहेरच्या जगास उघडे राहिले होते. पडदा आणि आतील तार यांच्यामध्ये एक चिप पहारेकऱ्यासारखी बसवलेली होती. संशोधकांनी त्या चिपमधील प्रोग्रामच बदलून आपला घातला. नवा प्रोग्राम कंपनीनेच धाडला आहे का, हे तपासणारी डिजिटल सहीची पडताळणी तेथे नव्हती. म्हणजे पुन्हा तेच, सही न तपासता व्यवहार मंजूर झाला.

हे दोघे गुन्हेगार नव्हते. आपले निष्कर्ष त्यांनी कंपनीस कित्येक महिने आधीच कळवले होते. ही हकीगत प्रसिद्ध होताच काही दिवसांतच कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचे जाहीर केले. मालकांना सुधारित प्रोग्रामचे पेनड्राइव्ह टपालाने धाडण्यात आले आणि मोबाईल कंपनीने आपल्या जाळ्यातील ती वाटही बंद केली. संगणकीय सुरक्षेतील त्रुटीसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर गाड्या परत बोलावण्याची वेळ प्रथमच आली होती.

तेव्हा सूनबाईंना मी सांगितले, "हो, लांबून हात लावता येतो, हे सिद्ध झाले आहे. पण त्यासाठी त्या दोन निष्णात माणसांना फार काळ परिश्रम करावे लागले. रस्त्याने जाणारा कोणीही हे करू शकेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही."

आपल्या ट्रक-टेम्पोंचे काय?

व्यापारी कुटुंबास अधिक जवळचा धोका निराळाच आहे. मालवाहू वाहनांवर लक्ष ठेवण्यासाठी आपण बाजारातून जीपीएस यंत्रे आणून बसवतो. काहींत इंधन तोडण्याचीही सोय असते. अशाच एका चिनी बनावटीच्या स्वस्त यंत्राबद्दल, मायकोडस एमव्ही ७२० याबद्दल, जुलै २०२२ मध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर इशारा दिला. त्यातील त्रुटींमुळे परक्या माणसाला वाहनाचा माग काढता येत होता आणि इंधनही तोडता येत होते. यंत्राबरोबर येणारा पासवर्ड होता १२३४५६. त्या कंपनीची सुमारे १५ लाख यंत्रे १६९ देशांत वापरात असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. लाखो रुपयांचा माल ज्या ट्रकमध्ये आहे, त्याचे कुलूप शाळकरी पोरालाही उघडता यावे, असा हा प्रकार.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी नाही. २०१७ मध्ये एका अमेरिकी सुरक्षातज्ज्ञाने जाहीर केले की, काही वर्षांपूर्वी विकलेली आपली मोटार आपल्या मोबाईलवर अजूनही दिसते आणि तिचे दारही उघडता येते. नव्या मालकास याची गंधवार्ताही नव्हती.

कोणी काय करावे?

गाडीच्या पोटातील सह्यांची तपासणी ही उत्पादकांची जबाबदारी आहे. ती ग्राहकावर ढकलता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२० साली यासाठी नियमावली मंजूर झाली. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीस ती लागू आहे. आपल्या देशातही त्याच धर्तीवर ए.आय.एस.-१८९ हे मानक आखण्यात आले आहे. गाडी घेताना रंग आणि मायलेज विचारतो तसे विक्रेत्यास हेही विचारावे, "सुरक्षेच्या प्रोग्रामची सुधारणा किती वर्षे मिळेल?" दहा ग्राहकांनी विचारले की अकराव्यासाठी उत्तर तयार असते.

आपल्या हातातील गोष्टी मात्र आजच कराव्यात. ॲपचे खाते कुटुंबातीलच व्यक्तीच्या नंबरवर असावे. ड्रायव्हर किंवा मुनीम यांना प्रवेश द्यायचा असेल तर स्वतंत्र द्यावा आणि काम संपताच त्याच दिवशी काढावा. जीपीएस यंत्राचा मूळ पासवर्ड बसवल्याबरोबर बदलावा. कंपनीकडून आलेली सुधारणा 'नंतर बघू' म्हणून टाळू नये. गाडी विकताना पडद्यातील फोनची नावे, घराचा पत्ता आणि ॲपची जोडणी पुसून द्यावी. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाचे खाते बंद झाल्याची खात्री अधिकृत केंद्रातून करून घ्यावी. दुरुस्तीच्या जागेत अनोळखी माणसाकडून स्वस्तातले यंत्र जोडू देऊ नये.

त्या संध्याकाळी ॲपची जोडणी बदलण्यास पंधरा मिनिटे लागली. मेहुण्यांनी दुकानातील एक कोरी वही आणली आणि मी तिच्यात रकाने आखून दिले: वाहन, कोणाच्या नंबरवर, दिल्याची तारीख, परत घेतल्याची तारीख, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पहिली नोंद करायची तर ती कोणाची? मेहुण्यांनी थोडा विचार केला, ड्रायव्हरला फोन लावला आणि म्हणाले, "उद्या सकाळी जरा दुकानावर ये. एक सही राहिली आहे. आणि तुझ्या पगाराचंही एकदा बोलून घेऊ."

दुसऱ्या दिवशी तो आला. 'देणाऱ्याची सही' या रकान्यात त्याने सावकाश आपले नाव लिहिले. शेजारी मेहुण्यांनी सही केली. दोन महिने एका कुटुंबाची ये-जा त्याच्या खिशात होती आणि त्याने तिचा गैरवापर केला नाही, हे त्या घराचे भाग्य. यापुढे भाग्यावर विसंबण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ती वही आता गल्ल्याशेजारी ठेवलेली असते.