आगमनकाळातील सांत्वन

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा जो काळ, त्यास ख्रिस्ती उपासनेत आगमनकाळ म्हणतात. या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. रविवारच्या मिस्सात गौरवस्तोत्र गाइले जात नाही. घरोघरी मात्र नेवऱ्या-दोदोलची गडबड चालू असते. त्यामुळे हा काळ म्हणजे केवळ सणाची पूर्वतयारी, असा अनेकांचा समज होतो. तो अपुरा आहे. बेथलेहेमात झालेले आगमन आणि काळाच्या अखेरीस व्हावयाचे आगमन, या दोहोंमध्ये उभ्या असलेल्या मनुष्याने वाट कशी पाहावी, हा या काळाचा खरा विषय होय.

या दिवसांत यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला जातो. त्याच्या चाळिसाव्या अध्यायाचा आरंभच सांत्वनाच्या आज्ञेने होतो. परंतु हे सांत्वन कोणासाठी होते? इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर भस्मसात झाले, आणि यहुदी लोकांस बाबेलात नेण्यात आले. परतीची वाट मोकळी होण्यापूर्वीच, बंदिवासातच, त्यांना हे शब्द ऐकू आले. हे ध्यानात न घेतल्यास ख्रिस्ती आशा आणि साधा आशावाद यांतील भेद कळणार नाही.

मराठी वाचकास ही प्रतीक्षा अपरिचित नाही. येशूसंघीय फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यातील पहिले पुराण तारणाऱ्याच्या जन्मापूर्वीचीच कथा सांगते. म्हणजे तो एक दीर्घ आगमनकाळच म्हणावयाचा.

त्याच संघातील जर्मन धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी १९४४ चा आगमनकाळ बर्लिनच्या टेगेल तुरुंगात काढला. हिटलरनंतरच्या जर्मनीची समाजरचना कशी असावी, याचा विचार करणाऱ्या क्राइसाउ मंडळात ते होते. म्हणून जुलैत त्यांना अटक झाली. हातांत बेड्या असतानाच ते कागदाच्या कपट्यांवर लिहीत, आणि ते कपटे धुवावयाच्या कपड्यांतून गुपचूप बाहेर जात. अशा ठिकाणी लेखणीत कडवटपणा उतरला असता, तर कोणी दोष दिला नसता. डेल्प यांनी लिहिले ते अरण्यात घोषणा करणाऱ्या योहानाविषयी, शुभवार्ता आणणाऱ्या देवदूताविषयी आणि मरियेविषयी. आगमनकाळ मनुष्यास प्रथम हादरवून जागे करतो, आणि त्यानंतरच त्यास प्रकाशाची चाहूल लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तुरुंगातच, ८ डिसेंबर रोजी, त्यांनी संघाची अंतिम व्रते घेतली.

सुटकेची आशा त्यांनी सोडली नव्हती. तशी प्रार्थनाही ते करीत. ११ जानेवारी १९४५ रोजी त्यांना देहान्त शिक्षा सुनावण्यात आली आणि २ फेब्रुवारीस प्लोट्झेनझे येथे ती अंमलात आली. तो प्रभूच्या मंदिरसमर्पणाचा सण होता. ज्या वृद्ध शिमोनाने आयुष्यभर वाट पाहून अखेर बालयेशूस हातांत घेतले, त्याची कथा त्या दिवशी वाचली जाते. डेल्प यांचे ते लेखन युद्धानंतर प्रसिद्ध झाले.