संकेतस्थळावरील पाउलखुणा

गिऱ्हाईक रित्या हातानें परतलें, तर गल्ल्यावरील दुकानदारास तें दिसतें. संकेतस्थळावरून परतलेलें दिसत नाहीं. तें दाखविणारें 'गूगल ॲनालिटिक्स' २००५ सालीं विनामूल्य खुलें झालें. पाहुणा कोठून आला, कोणतीं पानें उघडून गेला, याची तें नोंद ठेवतें. नोंदीस संमति नाकारणारे पुष्कळदां तींतून निसटतात, ही गोष्ट वेगळी. लहान व्यापारी बहुधा भेटींच्या एकूण आकड्यावरच हुरळतो. वस्तुतः पाहावयाचें तें हें कीं, गिऱ्हाइकें माघारीं कोठून फिरलीं? माल निवडून पैसे भरतेवेळींच तीं परतत असतील, तर जाहिरातीवर अधिक खर्च करणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय. टपालहशील तेथें प्रथमच कळून तीं बिचकतात काय, हें तपासावें. तो आकडा मालाच्या पानावरच देऊन पुढल्या महिन्याची नोंद मागल्याशीं ताडावी. दिवाळीचा महिना मात्र या तुलनेस घेऊं नये.